लुईचे वारस

अमेरिकेत, न्यूयॉर्क राज्यातल्या न्यू पाल्ट्झ गावात ह्यूगेनॉट स्ट्रीटवर स्मारकाचा एक दगड आहे आणि त्यावर हे गाव वसवणाऱ्या बारा पुरुषांची नावं आहेत. ऑक्टोबर सरत आला होता. मेपलची पानं रस्त्याला ओली होऊन चिकटली होती, त्यांचा कुजका आणि तरीही गोडसर वास सगळीकडे भरून राहिला होता. खालून, वॉलकिल नदीकडून, बोचरा वारा येत होता. माझ्या शेजारी एक आजी नातवाला घेऊन उभ्या होत्या. त्याचा हातमोजा काढून, त्याचं बोट धरून त्या ते एका नावावरून फिरवत होत्या, पाटीवर अक्षर गिरवून घ्यावं तसं. मुलाचं सगळं लक्ष झाडावरच्या खारीकडे. मग आजी माझ्याकडे वळल्या आणि अगदी आपुलकीनं म्हणाल्या, "तुम्ही यातल्या कुठल्या घरातल्या?" मी म्हटलं, "कुठल्याच नाही. मी भारतातली, कोकणातली." त्यांचा चेहरा जराही बदलला नाही. "मग आमचे पाहा," असं म्हणून त्यांनी मला जवळ बोलावलं आणि लुई द्यूब्वाचं नाव दाखवलं. ते दाखवताना त्यांचा आवाज हळवा झाला. साडेतीनशे वर्षांपूर्वीच्या माणसाविषयी बोलताना कुणाचा आवाज असा बदलतो, हे मी फार वर्षांनी ऐकत होते.

त्यांचा प्रश्न मात्र माझ्याबरोबर घरी आला. स्वयंपाक करताना, गाडी चालवताना, रात्री दिवा घालवल्यावर तो पुन्हा पुन्हा समोर यायचा. त्यात दुखावणारं काही नव्हतं. त्या बाईंनी माझा रंग पाहूनही तो विचारला होता, आणि त्याचं मला बरंच वाटलं होतं. पण "यातल्या कुठल्या" म्हणजे दगडावरच्या बारांतल्या. त्या दगडावर नसलेल्या पण त्याच मातीत राबलेल्या, त्याच घरांत जन्मलेल्या माणसांच्या कुणा नातीनं तिथे उभं राहून काय उत्तर दिलं असतं?

आपल्याला हा प्रश्न नवा नाही. माझ्या आजोळी पाहुणा ओटीवर टेकला, पाण्याचा तांब्या आणि गुळाचा खडा समोर आला, की आजोबांचा पहिला प्रश्न असायचा, "कोणापैकी म्हणायचे आपण?" लाकडी कपाटात आमचा छापील कुलवृत्तांत होता, कापडी बांधणीचा, कसर लागलेला, उघडला की नाकात जुन्या डिंकाचा वास शिरायचा. पहिल्याच पानावर मूळपुरुष. तो कुठून तरी आलेला असायचा, काहीतरी संकट मागे टाकून, देव उपरण्यात बांधून. त्याच्यापासून शाखा, शाखांची घराणी, घराण्यांच्या पिढ्या. पुरुषांची नावं ठळक. बायकांच्या नावापुढे माहेरचं आडनाव, तेही कळलं असेल तर. मुलगा नसलेल्या माणसापुढे कंसात एकच शब्द, निर्वंश. त्याला तीन मुली होत्या हे मला आजीकडून कळलेलं. आणि आमची भातशेती जे लोक पिढ्यान्‌पिढ्या करत होते, ज्यांच्या घामाचं भात आमच्या कणगीत पडत होतं, त्यांच्यातल्या एकाचंही नाव त्या जाडजूड पुस्तकात नव्हतं. लहानपणी मला त्या पुस्तकाचा विलक्षण अभिमान होता. आजही तो पुरता गेलेला नाही, म्हणून त्या आजींचा हळवा आवाज मला परका वाटला नाही.

त्यांचा मूळपुरुष लुई द्यूब्वा. फ्लँडर्समधल्या लील शहराजवळच्या विक्र नावाच्या खेड्यातला, 1626 च्या आसपास जन्मलेला. ह्यूगेनॉट, म्हणजे फ्रेंच प्रॉटेस्टंट, म्हटलं की आपल्याला 1685 साल आठवतं, चौदाव्या लुईनं त्यांना धर्माची मोकळीक देणारा नांतचा आदेश रद्द केला आणि लाखांनी प्रॉटेस्टंट देश सोडून पळाले ते. हा लुई त्याच्या कितीतरी आधी निघाला होता. कॅथलिक राजांच्या मुलखात आपल्या पद्धतीनं प्रार्थना करणं अवघड, म्हणून तो ऱ्हाईनकाठच्या पॅलेटिनेट संस्थानात, मानहाइमला गेला. तीस वर्षांच्या युद्धानं ओसाड झालेला तो मुलूख पुन्हा वसवायला तिथल्या राजाला माणसं हवी होती. 1655 मध्ये तिथेच त्यानं कात्रीन ब्लांशाँशी लग्न केलं, तिथेच अब्राहम आणि आयझॅक हे मुलगे झाले. पण तिथलाही शेजार शाश्वत नव्हता. 1660 च्या सुमारास ही मंडळी अटलांटिक ओलांडून डचांच्या वसाहतीत आली आणि हडसनच्या काठी, आजच्या किंग्स्टनजवळ राहिली. मला सारखं कात्रीनचं चित्र दिसतं. जहाजाच्या पोटातला कोंदट अंधार, आंबलेल्या बिअरचा आणि ओकारीचा वास, दोन लहान मुलं, आणि सोबतीला पाठ असलेली स्तोत्रं. या लोकांचं देऊळ कुणीही केव्हाही जाळू शकत असे, त्यामुळे त्यांनी धर्म कंठात ठेवला होता. फ्रेंच पद्यातली ती स्तोत्रं ते शेतात, स्वयंपाकघरात, तुरुंगात गात. वारीतल्या बाया अभंग म्हणत चालतात तेव्हा त्यांना पोथी लागत नाही, हे ज्यानं पाहिलं आहे त्याला हे वेगळं समजावून सांगावं लागणार नाही.

पुढे ते अमेरिकेत ज्या गावाला आले तिथे त्यांनी मानहाइमच्या आसऱ्याची आठवण ठेवली. पॅलेटिनेटचं जर्मन नाव फाल्झ, त्यावरून न्यू पाल्ट्झ. फ्रान्सवरून नव्हे, जिथे काही वर्षं सुखाची झोप लागली त्या जागेवरून त्यांनी गावाला नाव दिलं. त्या माणसांविषयी मला जी माया वाटते तिचं मूळ या एका गोष्टीत आहे.

आता कात्रीनची गोष्ट, जी आजींनी मला दगडापाशी उभ्या उभ्या सांगितली. 7 जून 1663 ला एसोपस लोकांनी, म्हणजे तिथल्या मूळ रहिवाशांनी, दोन वस्त्यांवर हल्ला केला. त्यांतलं नवं गाव, जिथे द्यूब्वा कुटुंब राहत होतं, ते पुरतं जळलं. पंचेचाळीसजणांना धरून नेलं, बहुतेक बायका आणि मुलं. त्यांत कात्रीन होती, तिची मुलं होती. तीन महिने त्या जंगलात. सप्टेंबरमध्ये कॅप्टन मार्टिन क्रेगियरच्या तुकडीनं वॉलकिलच्या बाजूला एसोपस लोकांच्या नव्या गढीवर छापा घातला आणि बरेच कैदी सोडवले. पिढ्यान्‌पिढ्या सांगतात ते असं: कात्रीनला जाळण्यासाठी चिता रचली होती, आणि मरणाच्या दारात ती बायबलमधलं 137 वं स्तोत्र गाऊ लागली, बाबिलोनच्या नद्यांकाठी बसून आम्ही रडलो, ते, बंदी करून परमुलखात नेलेल्या ज्यूंचं. गाणं ऐकून एसोपस थबकले, आणखी गा म्हणाले, आणि तेवढ्यात लुई सैनिकांबरोबर पोचला. क्रेगियरनं मोहिमेची रोजनिशी लिहिली आहे, तीत गाणं नाही, चिताही नाही. इतिहासकार ही दंतकथा मानतात. सांगताना आजींच्या डोळ्यांत पाणी होतं. मी काही बोलले नाही, आणि बोलायला नकोच होतं. दूर नेलेल्या बाईनं आपल्या भाषेतलं गाणं म्हटलं असेल यावर माझाही विश्वास आहे. चितेशिवायही ते तितकंच खरं आहे.

पण त्या गोष्टीच्या अलीकडे आणखी एक गोष्ट आहे आणि ती दगडापाशी कुणी सांगत नाही. त्याआधी तीन वर्षं, 1660 मध्ये, डच गव्हर्नर स्टायव्हेसंटनं पकडलेल्या काही एसोपस माणसांना जहाजात घालून कॅरिबियन समुद्रातल्या क्युरासाव बेटावर गुलाम म्हणून पाठवून दिलं होतं. त्यांचे लोक त्यांना परत मागत राहिले. 1663 च्या हल्ल्यामागे जमिनीचा घास होता आणि हाही घाव होता. क्युरासावला नेलेल्या त्या माणसांनी कुठल्या नदीकाठी बसून कुठलं गाणं म्हटलं, ते कुणाच्या नातवाला पाठ नाही.

1677 मध्ये बारा पुरुषांनी, सगळे एकमेकांचे सासरे, जावई, मेहुणे, भाऊ, एसोपस प्रमुखांकडून शवांगंकच्या डोंगररांगेपासून हडसनपर्यंतची सुमारे 40,000 एकर जमीन विकत घेतली. मोबदल्याची यादी शाबूत आहे आणि मी ती बराच वेळ वाचत बसले होते. 40 किटल्या. 40 कुऱ्हाडी. 40 सदरे. 60 ब्लँकेट. 100 सुऱ्या, 100 सुया, 100 आऱ्या. मोजे, शिसं, बंदुकीची दारू, पिण्याची दारू, तंबाखू, वॅम्पमच्या, म्हणजे शंखाच्या मण्यांच्या लांबच लांब माळा, दोन घोडे. गावकऱ्यांचा आवर्जून सांगण्याचा मुद्दा असा, की आमच्या पूर्वजांनी जमीन बळकावली नाही, आधी मूळ लोकांना मोबदला दिला आणि मगच इंग्रज गव्हर्नर अँड्रॉसकडून सनद घेतली. हे खरंच आहे, आणि त्या काळात सगळेच असं वागत नव्हते हेही खरं. तरी लढाईत हरलेल्या, देवीच्या साथींनी पोखरलेल्या लोकांनी किटल्या मोजून घेतल्या तेव्हा त्यांच्यापुढे दुसरा कुठला मार्ग उरला होता, हे मला त्या यादीत शोधूनही सापडत नाही. सुई ही कामाची वस्तू आहे. ती दहा वर्षांत गंजते. ती जमीन मात्र पुढे दीडशे वर्षं बारा घरांच्या वारसांमध्ये फिरत राहिली, त्यांच्या बारा प्रतिनिधींचं मंडळ तिच्या हद्दींचे वाद मिटवत राहिलं, आणि आजही तिथल्या सफरचंदाच्या बागांमधून जाताना पत्रपेट्यांवर तीच आडनावं दिसतात.

सनदेच्या तीन वर्षं आधी, 1674 मध्ये, किंग्स्टनच्या जाहीर लिलावात लुई द्यूब्वानं दोन आफ्रिकी माणसं विकत घेतली होती.

हे वाक्य मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा पुढे वाचवेना. जो माणूस बायकोला सोडवायला जंगलात गेला, ज्याच्या बायकोनं तीन महिने परक्यांच्या ताब्यात काढले, ज्याची मुलं बंदिवासात झोपली, तोच माणूस अकरा वर्षांनी लिलावात उभा राहून बोली लावतो. मी स्वतःला समजावून पाहिलं की काळच तसा होता. शेजारी डच घेत होते, इंग्रज घेत होते, जमीन अफाट आणि हात कमी. कारणं समजतात. पण बाबिलोनचं गाणं ज्यांना तोंडपाठ, त्यांना ते गाणं आपल्या तळघरातल्या माणसाचंही असू शकतं असं एकदाही वाटलं नसेल का? मला वाटतं, त्यांनी छळाची आठवणही जमिनीसारखीच वापरली. ती जपली, राखली, तिची हद्द आखली आणि फक्त आपल्या वारसांमध्ये वाटली. आपल्या दुःखानं माणूस दुसऱ्याचं दुःख ओळखायला शिकतो असं आपण फार सहज म्हणतो. या रस्त्यावर ते तसं घडलं नाही. 1790 च्या जनगणनेत न्यू पाल्ट्झच्या हद्दीत 300 हून अधिक गुलाम होते.

ह्यूगेनॉट स्ट्रीटवरची ती जुनी दगडी घरं फार सुंदर आहेत. हे लिहिल्याशिवाय पुढे जाणं अन्यायाचं होईल. उतरत्या छपरांची, जाड भिंतींची, आत शिरलं की चुलाण्यातल्या जुन्या धुराचा आणि मेणाचा वास. द्यूब्वांची गढी 1705 ची, लुईचा नातू डॅनियल याची. इथल्या लोकांनी आधी फ्रेंच बोलणं जपलं, चर्चची दप्तरं फ्रेंचमध्ये ठेवली, मग अठराव्या शतकात हळूहळू डच झाले, मग एकोणिसाव्यात इंग्रज. जी भाषा घेऊन समुद्र ओलांडला ती शंभर वर्षांच्या आत शेजाऱ्यांच्या भाषेत विरली. घरं तेवढी राहिली. आणि घरांच्या खाली तळघरं राहिली. आब्राहम हॅसब्रुकच्या घरात तळघरातलं स्वयंपाकघर आहे. तिथे उतरताना मान आपोआप खाली जाते, कारण तुळया डोक्याला लागतात. वर जेवणाचं टेबल, खिडकीतून येणारं दुपारचं ऊन. खाली ओल.

या तळघरांमधला मुक्काम कसा असे ते याच अल्स्टर परगण्यात जन्मलेल्या एका बाईनं सांगून ठेवलं आहे. 1797 च्या सुमारास एका डच जमीनदाराच्या घरी जन्मलेली इझाबेला. तिच्या आठवणीतलं तळघर असं: जमिनीवर सुट्या फळ्या, फळ्यांखाली चिखल आणि पाणी, पाय पडला की खालून पचक आवाज, आणि त्या फळ्यांवर गवत टाकून बायका, पुरुष, पोरं सगळे एकत्र झोपलेले. तिची पहिली भाषा डच. नऊ वर्षांची असताना मेंढ्यांच्या कळपाबरोबर शंभर डॉलरला विकली गेली, इंग्रजी कळेना म्हणून फटके खाल्ले. अखेर न्यू पाल्ट्झच्या हद्दीतल्या जॉन ड्यूमाँ याच्याकडे आली, आणि आडनावावरून कळतंच की हाही त्याच आश्रय शोधत आलेल्या फ्रेंच बोलणाऱ्या लोकांचा वंशज. 1826 च्या अखेरीस ती तान्ह्या मुलीला कडेवर घेऊन पहाटेच्या आधी त्या घरातून चालत निघाली. तिचा लहानगा मुलगा पीटर बेकायदा दक्षिणेत विकला गेला होता, त्याच्यासाठी तिनं किंग्स्टनच्या कोर्टात दाद मागितली आणि 1828 मध्ये त्याला परत मिळवलं. पुढे गुलामगिरीविरुद्ध बोलत फिरणारी सोजर्नर ट्रुथ म्हणून जगानं तिला ओळखलं. कात्रीन जंगलातून परत आली त्याच किंग्स्टनच्या परिसरात दुसरी एक आई आपल्या हिरावलेल्या लेकरासाठी उभी राहिली. मला त्या दोघींना एका वेळी डोळ्यांसमोर आणता येतं. त्या गावच्या पूर्वजांना मात्र दुसरीत पहिली दिसली नाही.

आणि आता लुईच्या धाकट्या भावाची शाखा. जाक द्यूब्वा 1675 मध्ये आला आणि वर्षभरातच वारला. त्याच्या वंशात पाचव्या पिढीला जेम्स नावाचा डॉक्टर झाला, हडसनकाठच्या पोकीप्सीचा. अमेरिकन क्रांतीत ज्यांनी इंग्रजांची बाजू धरली त्यांना बहामा बेटांवर जमिनी मिळाल्या, त्यांतला तो एक. तिथे कापूस, मीठ आणि गुलाम. तिथल्या एका कृष्णवर्णीय स्त्रीपासून त्याला दोन मुलगे झाले. थोरला अलेक्झांडर, 1803 चा. बापानं एक गोष्ट केली जी फारसे करत नसत: मुलांना घेऊन तो न्यूयॉर्कला आला आणि त्यांना कनेटिकटमधल्या चेशायरच्या चांगल्या शाळेत घातलं. मुलं गोरी दिसायची, तिथे शिकली. मग 1820 च्या सुमारास बाप अचानक गेला. गोऱ्या नातेवाइकांनी मुलांना शाळेतून काढलं, संबंध तोडला आणि अलेक्झांडरला चांभाराच्या हाताखाली उमेदवारीला लावलं. शाळेतल्या लॅटिनच्या बाकावरून थेट चामड्याच्या वासात. बापाच्या इस्टेटीतलं काही त्याच्या हाती आलं नाही. कुलवृत्तांत लिहिणारे अशा ठिकाणी काही लिहीत नाहीत, नुसती पुढची शाखा सुरू करतात.

अलेक्झांडर तिथे थांबला नाही. तो हैतीला गेला, परत आला, न्यू हेवनच्या बोटींवर नोकरी केली, चर्चचा खजिनदार झाला, रोजनिशी लिहिली. त्याचा मुलगा आल्फ्रेड. आल्फ्रेडचा मुलगा 1868 मध्ये मॅसॅच्युसेट्समधल्या ग्रेट बॅरिंग्टनला जन्मला. विल्यम एडवर्ड बर्गहार्ट डू बॉइस. आपल्याकडे ज्याला डब्ल्यू. ई. बी. डू बॉइस म्हणून ओळखतात तो विद्वान, हार्वर्डचा पहिला कृष्णवर्णीय पीएच.डी., त्याच बाराजणांच्या गोतावळ्यातला. उच्चार त्यानं इंग्रजी वळणाचा ठेवला होता, शेवटी स्पष्ट 'स' लावून. आपल्या आत्मकथनात त्यानं विक्र गावच्या क्रेत्यँ द्यूब्वापासून, म्हणजे लुई आणि जाकच्या बापापासून, आपली वंशावळ सरळ मांडली आहे आणि पुढे म्हटलं आहे की या शेतकऱ्याच्या मागे कुणी सरदार-दरकदार असतील असं त्याच्या गोऱ्या वंशजांना वाटायला आवडतं, पण ते संभवत नाही. आईकडून आलेलं बर्गहार्ट हे नावही त्यानं तितक्याच मानानं मिरवलं. ते डच मालकाचं आडनाव, त्याच्या घरी गुलाम असलेल्या पूर्वजानं पुढे चालवलेलं.

पंधरा वर्षांचा असताना, 1883 मध्ये, तो आजोबांना भेटायला न्यू बेडफर्डला गेला. हा प्रसंग मी कितीदा वाचला असेल. बुटके, ताठ, कमी बोलणारे अलेक्झांडर आजोबा. संध्याकाळी फ्रीडम आडनावाचे एक कृष्णवर्णीय गृहस्थ आले. आजोबांनी वाइन ओतली. दोघांनी पेले उचलले, एकमेकांना लावले आणि काही बोलून ते प्याले. खेड्यातून आलेला पोरगा पाहत राहिला. असा शिष्टाचार त्यानं तोवर पाहिलाच नव्हता. तेवढंच. पण ज्याला घरातून हाकललं, चामडं शिवायला बसवलं, त्यानं साठ वर्षं ती रीत अंगात राखली आणि नातवाला न बोलता दिली. दगडी घर नाही, चाळीस हजार एकरांतला एक वाफा नाही, सनद नाही. या घराण्याचा वारसा असं काही असेल, तर मला तो त्या पेल्यांत जास्त दिसतो.

इथे मला माझ्या भाषेतलं माणूस भेटतं. 1913 ते 1916 बाबासाहेब आंबेडकर कोलंबिया विद्यापीठात होते, हडसनच्याच काठावर, न्यू पाल्ट्झच्या खाली जेमतेम दोन तासांच्या अंतरावर. त्याच वर्षांत डू बॉइस त्याच शहरात मासिक चालवत होते. तेव्हा भेट झाली नाही. 1946 च्या जुलैमध्ये मात्र बाबासाहेबांनी त्यांना पत्र लिहिलं. आपण प्रत्यक्ष भेटलो नाही, पण पीडितांच्या मुक्तीसाठी झटणाऱ्या सगळ्यांप्रमाणे मीही तुम्हाला नावानं ओळखतो. मी भारतातल्या अस्पृश्यांपैकी आहे. तुमचं लेखन वाचत आलो आहे. दोघांची स्थिती इतकी सारखी आहे की तुमच्या प्रश्नाचा अभ्यास आम्हाला स्वाभाविकच नव्हे तर आवश्यक आहे, अशा आशयाचं. संयुक्त राष्ट्रांकडे अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांच्या संघटनेनं केलेल्या अर्जाच्या प्रती त्यांना हव्या होत्या. 31 जुलैला डू बॉइस यांचं उत्तर गेलं: तुमचं नाव मला परिचित आहे, अस्पृश्यांविषयी मला पूर्ण सहानुभूती आहे, प्रत मिळवून पाठवतो. छोटी, कामाची पत्रं. मी ती वाचते तेव्हा अंगावर शहारा येतो. "अस्पृश्यांपैकी" म्हणून ज्यानं ताठ मानेनं आपली ओळख दिली आणि ज्याचा आजोबा घराण्यातून तोडला गेला त्यानं ती स्वीकारली. दोघांच्याही समाजाला कुणाच्या ओटीवर "कोणापैकी?" असा प्रेमळ प्रश्न ऐकायला मिळाला नव्हता. मिळाला असेल तो दरडावून. आमच्या कपाटातलं पुस्तक आणि न्यू पाल्ट्झचा दगड मी एकमेकांशेजारी ठेवते तेव्हा ही दोन पत्रं त्यांच्यावर आपोआप येऊन पडतात.

आणि पुढचा योग पाहा. लुई द्यूब्वा ज्या किनाऱ्याला सुटकेसाठी आला, तो किनारा त्याच्या भावाच्या या वंशजानं म्हातारपणी सोडला. सरकारनं छळलं, कित्येक वर्षं पासपोर्ट अडवून ठेवला, आणि 1961 मध्ये, त्र्याण्णवाव्या वर्षी, डू बॉइस घानाला गेले. 27 ऑगस्ट 1963 ला अक्रात वारले, घानाचे नागरिक म्हणून. विचारांपायी देश सोडावा लागलेला माणूस म्हणून पाहिलं तर मूळपुरुषाशी सगळ्यांत जास्त नातं सांगू शकेल असा वंशज तोच.

न्यू पाल्ट्झच्या विद्यापीठात वसतिगृहांना बारांतली नावं दिलेली होती: द्यूब्वा, बेव्हिए, क्रिस्पेल, देयो, लफेव्र. गुलामांच्या मालकांच्या नावाखाली आम्ही का झोपायचं, असं विद्यार्थी विचारू लागले. बराच वाद होऊन 2019 मध्ये ती नावं काढली आणि डोंगर-तळ्यांची स्थानिक नावं दिली. ग्रंथालय त्याआधीपासून सोजर्नर ट्रुथच्या नावाचं आहे. ज्या मुलीला तिथे राहायचं तिच्या बाजूनं मी विचार करते तेव्हा निर्णय मला पटतो. पण द्यूब्वा ही पाटी उतरताना त्या नावावरचा अलेक्झांडरचा हक्कही तिच्याबरोबर उतरला का, असं मनात येतं. ते नाव त्याच्या गोऱ्या नातेवाइकांनी त्याच्याकडून काढून घेऊ पाहिलं होतं. तो ते घेऊन चालत राहिला, आणि आज जगात ते नाव ज्यांना माहीत आहे त्यांतल्या बहुतेकांना ते त्याच्या नातवामुळे माहीत आहे.

मी पुन्हा गेले तेव्हा दगडाकडे न जाता गावाच्या जुन्या नोंदींकडे गेले. 1799 मध्ये न्यूयॉर्क राज्यानं टप्प्याटप्प्यानं गुलामी संपवण्याचा कायदा केला: 4 जुलै 1799 नंतर गुलाम आईच्या पोटी जन्मलेलं मूल कायद्यानं स्वतंत्र, पण मुलगी पंचवीस आणि मुलगा अठ्ठावीस वर्षांचा होईपर्यंत आईच्या मालकाची चाकरी करणार. त्यासाठी जन्माची नोंद लागे. न्यू पाल्ट्झची ती वही 1799 ते 1825 ची आहे. मालक अमुक, आडनाव दगडावरचं, आई तमुक, नुसतं पहिलं नाव, मूल, जन्मतारीख. बापाचं नाव नाही. गुलामीचा हिशोब ठेवण्यासाठी लिहिलेली वही, पण तीत आई आणि लेकरू एका ओळीत आहेत, आणि आडनाव लावता आलं नाही तरी नाव आहे. आमच्या कुलवृत्तांतातल्या कुळांच्या वाट्याला तेवढंही आलं नाही. आजी पुन्हा भेटल्या तर त्यांना मी ती वही दाखवणार आहे, नातवालाही. त्याला आता वाचता येत असेल. आणि या मे महिन्यात गावी जाईन तेव्हा आमच्या खलाटीत ज्यांनी भात लावलं त्यांच्या घरच्या म्हाताऱ्या बाईंकडे बसून त्यांच्या सासूचं, आजेसासूचं नाव विचारणार आहे. बाई नव्वदीच्या पुढे आहेत, हे काम पुढच्या वर्षावर टाकता येणार नाही.